कॅसेट चांगली, डिस्क खराब: घरगुती चित्रीकरण डीव्हीडीवर घेतानाचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

एका कुटुंबाकडे १९९३ ते २००७ या काळातल्या १७ कॅसेटी होत्या: चार हाय-८ (८ मिमी टेपच्या, अ‍ॅनालॉग), अकरा मिनीडीव्ही (छोट्या, डिजिटल) आणि दोन व्हीएचएस (मोठ्या, अ‍ॅनालॉग). त्यांत वाढदिवस होते, शाळेचा क्रीडादिन, समुद्रकिनारा, सभागृहातला एक समारंभ होता. शिवाय घरातल्या रिकाम्या दुपारचे, विशेष काहीच न घडणारे पुष्कळ चित्रीकरण होते. वीस वर्षांनी लोक नेमके तेच पुन्हा पुन्हा लावतात.

घरातल्याच एकाने या सगळ्याच्या डीव्हीडी केल्या होत्या. पिवळ्या-पांढऱ्या-लाल पिनांच्या केबलने कॅमकॉर्डर यूएसबी कॅप्चर स्टिकला जोडला, कॅप्चर थेट एमपीईजी-२ मध्ये (डीव्हीडीवर चित्र दाबून साठवण्याची पद्धत) सेकंदाला ४ मेगाबिटला केले आणि डिस्क बनवणाऱ्या सॉफ्टवेअरला ‘डिस्कवर मावेल असे करा’ असे सांगितले. प्रत्येक डिस्कवर साधारण तीन तास या हिशेबाने सहा डिस्क झाल्या.

समस्या

त्या डिस्क बघवत नव्हत्या. कॅमेरा जरा वळला की चित्रात चौकोन पडत. चेहरे मेणाचे वाटत. धावणाऱ्या मुलाच्या कडेला दुसरी फिकट कड दिसे आणि काही प्रसंगांत हलणारी प्रत्येक गोष्ट थरथरत पुढे जाई. पट्ट्यापट्ट्यांच्या शर्टावर इंद्रधनुष्य उमटत होते. ‘कॅसेट जुन्या झाल्या, आता एवढेच निघणार’ अशी घरच्यांची समजूत झाली होती, आणि चित्र ‘सुधारणारे’ एखादे सॉफ्टवेअर मिळेल का, अशी त्यांची विचारणा होती.

त्या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी एक साधी चाचणी घेतली. कॅमकॉर्डर थेट टीव्हीला जोडून मिनीडीव्हीवरचा क्रीडादिन लावला. मग त्याच टीव्हीवर डिस्कमधला तोच प्रसंग लावला. कॅसेटवरचे चित्र स्वच्छ होते आणि मुलांच्या पाठीवरचे क्रमांक वाचता येत होते. डिस्कवर ते वाचता येत नव्हते. म्हणजे बिघाड कॅसेटमध्ये नव्हता, कॅसेट आणि डिस्क यांच्यामधल्या वाटेत होता. दहा मिनिटांची ही चाचणी आधी झाली नसती तर पुढचे सगळे काम चुकीच्या दिशेने गेले असते.

गळती कुठे कुठे होती

मिनीडीव्ही कॅसेटवर चित्र मुळातच डिजिटल असते: ७२०×५७६, सेकंदाला २५ फ्रेम, चित्रासाठी सुमारे २५ मेगाबिट. पिवळ्या पिनेतून ते बाहेर काढले की त्याचे अ‍ॅनालॉग होते, प्रकाश आणि रंग एकाच तारेत कोंबले जातात आणि स्टिक ते पुन्हा वेगळे करून डिजिटल करते. पाल या अ‍ॅनालॉग टीव्हीच्या पद्धतीत रंगाची वाहक लहर ४.४३ मेगाहर्ट्झवर असते. चित्रातले बारीक पट्टे त्याच वारंवारतेच्या आसपास आले की ते रंग म्हणून वाचले जातात. शर्टावरचे इंद्रधनुष्य तिथून आले.

दुसरी गळती दुहेरी दाबणीची. स्टिकने ४ मेगाबिटला एकदा दाबले आणि सॉफ्टवेअरने तीन तास बसवण्यासाठी पुन्हा दाबले. किती दाबले ते मोजता येते. एकपदरी डीव्हीडीवर ४.७ अब्ज बाइट म्हणजे ३७.६ अब्ज बिट मावतात. १८० मिनिटांच्या १०,८०० सेकंदांनी भागले तर सेकंदाला ३.४८ मेगाबिट मिळतात. यातून आवाज वजा करायचा. इथे खरा धक्का होता: सॉफ्टवेअरने आवाज न दाबता, एलपीसीएम स्वरूपात ठेवला होता आणि तो एकटाच १.५३६ मेगाबिट खातो. चित्र व आवाज एकत्र बांधण्याचा किरकोळ खर्च काढल्यावर चित्राच्या वाट्याला जेमतेम १.८ मेगाबिट उरले. कॅमकॉर्डरच्या माइकवर टिपलेला, वाऱ्याच्या घोंगावण्याने भरलेला आवाज जवळजवळ चित्राइतकीच जागा अडवून बसला होता.

तिसरी गळती डीइंटरलेसची. या कॅमकॉर्डरनी ५७६ रेषा एकदम टिपलेल्या नसतात. आधी एक आड एक अशा २८८ रेषा आणि सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतर उरलेल्या २८८. अशा प्रत्येक अर्ध्या चित्राला फील्ड म्हणतात आणि या पद्धतीला इंटरलेस. त्यामुळे सेकंदात हालचालीचे ५० क्षण असतात. संगणकाच्या पडद्यावर दोन्ही फील्ड एकत्र दिसतात, हलत्या कडांना कंगव्याचे दात फुटतात आणि बघणारा घाबरून, फील्ड जोडून पूर्ण फ्रेम करणाऱ्या ‘डीइंटरलेस’वर खूण करतो. इथे तेच झाले होते, तेही दोन फील्ड एकमेकांत मिसळणाऱ्या प्रकाराने. ५० क्षणांचे २५ झाले आणि प्रत्येक हलत्या कडेला भुताटकीची दुसरी कड आली. वास्तविक डीव्हीडीला इंटरलेस चित्र चालते. ते उलगडण्याचे काम प्लेअर किंवा टीव्ही करतो.

चौथी गळती फील्डच्या क्रमाची. डीव्हीमध्ये (मिनीडीव्हीवरचे डिजिटल स्वरूप) खालचे फील्ड आधी येते, तर अ‍ॅनालॉग कॅप्चर करणारी बरीच उपकरणे वरचे फील्ड आधी देतात. काही फायलींना सॉफ्टवेअरने डीइंटरलेस लावले नव्हते, पण क्रम उलटा समजून एन्कोड केले, म्हणजे दाबून लिहिले होते. मग क्षण १, २, ३, ४ या क्रमाने न दिसता २, १, ४, ३ असे दिसतात. थरथर हीच होती.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय कुटुंबाला सर्वांत आवडलेला: असलेल्या डिस्कमधल्या फायली घेऊन त्यांना फिल्टर लावायचे, चौकोन पुसायचे आणि धार वाढवायची. तो नाकारला. चौकोन पुसणारा फिल्टर चौकोनाच्या जागी गुळगुळीतपणा आणतो. पाठीवरचा क्रमांक तो परत आणू शकत नाही. मूळ कॅसेट हाताशी असताना नकलेची डागडुजी करण्यात अर्थ नव्हता.

दुसरा, घरगुती डीव्हीडी रेकॉर्डर. कॅसेट लावायची, बटण दाबायचे. एका तासाच्या मोडवर ठेवला तर निकाल वाईट नसतो आणि ज्याच्याकडे वेळ नाही त्याने हा मार्ग जरूर धरावा. पण तो समोरून येईल तसे चित्र एकाच फेरीत एन्कोड करतो, काटछाट अवघड होते आणि अंधारातल्या किंवा फिकट प्रसंगांना वेगळी वागणूक देता येत नाही.

तिसरा, दुपदरी डिस्क. ८.५ अब्ज बाइट मावतात, डिस्कची संख्या कमी होते. मात्र एका पदरावरून दुसऱ्यावर जाताना काही प्लेअर क्षणभर अडकतात आणि जुने प्लेअर अशा लिहिलेल्या डिस्क कधीकधी ओळखतच नाहीत. ज्यांच्यासाठी हे काम होते त्या घरातल्या वडीलधाऱ्यांचा प्लेअर जुनाच होता, म्हणून हाही पर्याय सोडला.

चौथा, डिस्कच नको, फक्त फायली. तांत्रिकदृष्ट्या हे म्हणणे बरोबर आहे, कारण डिस्क हा साठवणीचा टिकाऊ मार्ग नव्हे. पण वडीलधाऱ्यांना ट्रे उघडून चकती घालणे जमत होते आणि मेनू धुंडाळणे जमत नव्हते. शेवटी दोन्हीची सांगड घातली: जपण्यासाठी मूळ डीव्ही फायली दोन हार्ड डिस्कवर, बघण्यासाठी डीव्हीडी. हा निर्णय सुरुवातीलाच झाल्यामुळे डिस्कवर काय ठेवायचे, काय गाळायचे याचा ताण गेला. गाळलेले काही नष्ट होणार नव्हते.

मिनीडीव्ही: कॅप्चर नव्हे, नक्कल

मिनीडीव्हीसाठी फायरवायरची, म्हणजे कॅमकॉर्डर संगणकाला जोडणाऱ्या डिजिटल केबलची वाट धरली. या वाटेने चित्राचे पुन्हा रूपांतर होत नाही. टेपवरचे आकडे आहेत तसे संगणकात उतरतात. कॅमकॉर्डरला यूएसबी पोर्टही होते, पण या पिढीच्या बहुतेक कॅमकॉर्डरमध्ये ते फोटो किंवा वेबकॅमच्या दर्जाच्या चित्रासाठी असते. नवीन संगणकांवर फायरवायर नसतेच, म्हणून डेस्कटॉपमध्ये पीसीआय-एक्सप्रेसचे कार्ड बसवले आणि कॅमकॉर्डरच्या चार पिनांपासून कार्डाच्या सहा पिनांपर्यंतची केबल घेतली. सहा पिनांच्या टोकात वीजपुरवठाही असतो आणि ते टोक उलटे रेटले तर पोर्ट जळू शकते. म्हणून केबल आधी जोडायची आणि कॅमेरा नंतर चालू करायचा, हा नियम ठेवला.

डीव्हीला तासाला सुमारे १३ जीबी जागा लागते. हार्ड डिस्क एनटीएफएस पद्धतीची असावी. फॅट-३२ वर फाइल ४ जीबीला अडते आणि कॅप्चर अठरा-एकोणीस मिनिटांनी तुटते. कॅसेट लावण्याआधी प्रत्येक एकदा शेवटपर्यंत पुढे नेऊन मागे गुंडाळली. वर्षानुवर्षे पडून असलेल्या टेपचा ताण सारखा होतो आणि चिकटलेले थर सुटे होतात.

पहिल्या तीन कॅसेटी निर्विघ्न उतरल्या. चौथीवर चित्रात चौकोनी ठिपके चमकू लागले आणि पाचवीवर ते आडव्या पट्ट्यांत आले. कॅसेट खराब म्हणून बाजूला ठेवणार होते, पण आधी चांगली उतरलेली पहिली कॅसेट पुन्हा लावून पाहिली, तर तिच्यावरही तेच. दोष हेडवर (टेप वाचणाऱ्या भागावर) बसलेल्या थराचा होता. कोरड्या क्लीनिंग कॅसेटने दहा सेकंदांची एक फेरी दिली आणि ठिपके गेले. क्लीनिंग कॅसेट हेड घासते, म्हणून ती उठसूट वापरायची नसते. पण सुरुवातीला एकदा आणि नंतर लक्षण दिसल्यावर वापरलीच पाहिजे. चौथी-पाचवी पुन्हा उतरवावी लागली.

दोन मिनीडीव्ही कॅसेट एलपी मोडमध्ये होत्या, म्हणजे ६० मिनिटांच्या टेपवर ९० मिनिटे. या मोडमध्ये ट्रॅकची रुंदी १० मायक्रॉनवरून सुमारे ६.७ मायक्रॉनवर येते आणि ज्या कॅमेऱ्याने टिपले त्याच्याखेरीज इतर यंत्रांना तो ट्रॅक नीट पकडता येत नाही. एक कॅसेट घरातल्या कॅमकॉर्डरनेच टिपलेली असल्याने बऱ्यापैकी उतरली. दुसरी कुणाच्या तरी उसन्या कॅमेऱ्यावरची होती आणि तो कॅमेरा आता अस्तित्वात नव्हता. ती तीन वेळा उतरवली. प्रत्येक फेरीत ठिपके वेगळ्या जागी येतात, त्यामुळे तीन फायलींतले चांगले तुकडे टाइमकोडवरून (टेपवर फ्रेमसोबत नोंदलेल्या वेळेवरून) जुळवून एक फाइल केली.

आवाजाची एक खोच इथेच सांगून टाकावी. घरगुती डीव्ही कॅमेरे बहुधा १२ बिट, ३२ किलोहर्ट्झवर ठेवलेले असतात आणि डीव्हीडीला ४८ किलोहर्ट्झ लागते. हे रूपांतर एन्कोड करण्याआधी वेगळे करून घेतले आणि प्रत्येक फाइलच्या शेवटच्या मिनिटात ओठ व आवाज जुळतात का ते पाहिले. सुरुवात तपासून काही कळत नाही, कारण घसरण असली तर ती शेवटी दिसते.

हाय-८ आणि व्हीएचएस

हाय-८ साठी दोन मार्ग होते. एक, प्रकाश आणि रंग वेगळ्या तारांतून नेणाऱ्या एस-व्हिडिओ केबलने कॅप्चर कार्डात घेऊन न गमावणाऱ्या कोडेकमध्ये (चित्र दाबण्याच्या पद्धतीत) साठवणे. दुसरा, जुन्या ८ मिमी कॅसेट वाजवू शकणारा डिजिटल-८ कॅमकॉर्डर मिळवून त्याच्या फायरवायरमधून डीव्ही घेणे. सगळे डिजिटल-८ कॅमकॉर्डर अ‍ॅनालॉग कॅसेट वाजवत नाहीत, हे आधी पाहून घ्यावे लागले. मिळालेल्या मॉडेलमध्ये टाइम बेस करेक्टर अंगभूत होता, म्हणजे रेषांची सुरुवात डळमळली तर तो त्या सरळ रांगेत लावतो. दोन्ही मार्गांनी पाच-पाच मिनिटे करून टीव्हीवर लावली. कार्डाच्या मार्गाने रंग किंचित सुटे दिसत होते, पण दाराच्या उभ्या कडा लहरत होत्या. डिजिटल-८ च्या मार्गाने कडा स्थिर होत्या. डळमळीत कड डोळ्याला जास्त खुपते, म्हणून दुसरा मार्ग घेतला.

व्हीएचएस हे या कामातले सर्वांत कष्टाचे प्रकरण. चित्रात मुळातच आडव्या दिशेने सुमारे २४० रेषांचा तपशील, रंग उजवीकडे ओघळलेला, तळाशी हेड बदलण्याच्या जागी फाटकी पट्टी. एस-व्हिडिओ बाहेर देणारा आणि टाइम बेस करेक्टर असलेला एस-व्हीएचएस प्लेअर मिळवला, ट्रॅकिंग हाताने लावले आणि हफवाययूव्ही या न गमावणाऱ्या कोडेकमध्ये कॅप्चर केले. तासाला सुमारे ३० जीबी लागले. पहिल्याच प्रयत्नात आवाज हळूहळू पुढे पळू लागला. टेपवरचा सिंक (फ्रेम कुठे सुरू होते हे सांगणारा संकेत) कमकुवत झालेल्या जागी कार्ड फ्रेम गाळत होते. मध्ये फ्रेम सिंक करणारे उपकरण घातल्यावर गळलेल्या फ्रेमचा आकडा शून्यावर आला. हा आकडा कॅप्चर सॉफ्टवेअर दाखवते, पण तो कुणी वाचत नाही.

मग दोन दिवस फिल्टरांत गेले. इंटरलेस चित्रावर नॉइज काढणारा फिल्टर तसाच चालवला तर तो दोन वेगळ्या क्षणांच्या रेषा एकमेकांत कालवतो. म्हणून अ‍ॅव्हीसिंथ या सॉफ्टवेअरमध्ये क्यूटीजीएमसी या डीइंटरलेस करणाऱ्या स्क्रिप्टने सेकंदाला ५० पूर्ण फ्रेम केल्या, त्यांवर काम केले आणि शेवटी पुन्हा इंटरलेस केले. रंगाचा थर काही पिक्सेल डावीकडे सरकवला. नॉइजचा फिल्टर पहिल्या खेपेला जोरात लावला गेला. भिंती सुरेख झाल्या, पण हात हलला की मागे धुराची शेपटी येऊ लागली. निम्म्यावर आणल्यावर शेपटी गेली, थोड्या मुंग्या (नॉइजचे वळवळणारे ठिपके) राहिल्या आणि त्या तशाच राहू दिल्या. धार वाढवणारा फिल्टर लावून पाहिला आणि काढून टाकला: कडांना पांढरी किनार येत होती आणि धारदार झालेल्या मुंग्या बिटरेट (दर सेकंदाच्या वाट्याचे बिट) खात होत्या. तळाची फाटकी पट्टी कापून चित्र ताणण्याऐवजी तिथल्या १० रेषा काळ्या केल्या. जुन्या टीव्हीवर त्या चौकटीबाहेरच जातात.

एवढे झाल्यावर दुसऱ्या व्हीएचएसकडे वळले, तेव्हा लक्षात आले की तिच्यावरचा वाढदिवस ओळखीचा आहे. ती हाय-८ क्रमांक दोनची नक्कल होती. मूळ कॅसेट आठवड्यापूर्वीच उतरवून झाली होती. नकलेवर फिल्टरांनी जे काही साधले असते त्यापेक्षा ती मूळ फाइल कुठलाही फिल्टर न लावता चांगली होती. व्हीएचएस क्रमांक दोन मग उतरवलीच नाही.

एन्कोडिंगचे निर्णय

डिस्कवर किती मिनिटे ठेवायची, हा या प्रकरणातला सर्वांत वजनदार निर्णय होता. चित्रपट दोन तास मावतो, मग आपले का नाही, असा प्रश्न येतोच. चित्रपट स्थिर कॅमेऱ्याने, भरपूर प्रकाशात, सेकंदाला २४ फ्रेमने टिपलेला असतो. एमपीईजी-२ ची बचत होते ती एका फ्रेममधून दुसरीत काय बदलले तेवढेच लिहून. हातात धरलेला कॅमेरा सतत हलतो, अंधारात मुंग्या येतात आणि हालचालीचे क्षण ५० असतात. म्हणजे प्रत्येक फ्रेममध्ये जवळजवळ सगळेच बदलते. दोन तासांना आवाज व बांधणी वजा जाता चित्रासाठी साधारण ४.८ मेगाबिट उरतात. स्थिर चित्राला ते पुरतात, समुद्राच्या लाटांवरून कॅमेरा फिरवला की पुरत नाहीत.

क्रीडादिनाची पाच मिनिटे ४.८, ६.४ आणि ७.५ मेगाबिटला एन्कोड करून एकाच पुनर्लेखनीय डिस्कवर घातली आणि टीव्हीवर दाखवली. ४.८ आणि ६.४ मधला फरक घरातल्या सगळ्यांना दिसला. ६.४ आणि ७.५ मधला फक्त धावण्याच्या शर्यतीत दिसला. त्यावरून डीव्ही व हाय-८ साठी डिस्कमागे ६५ ते ७० मिनिटे ठरली. दोन फेऱ्यांचे बदलते बिटरेट, सरासरी ७.५, कमाल ८.५. डीव्हीडीच्या नियमांत चित्राची कमाल ९.८ आहे, पण घरी लिहिलेल्या डिस्कवर त्या टोकाला जुने प्लेअर अडखळतात. आवाज एसी-३ या दाबलेल्या स्वरूपात २५६ किलोबिटला. पालसाठी एकमेकींच्या आधाराने दाबलेल्या फ्रेमचा गट कमाल १५ चा असू शकतो, तो १२ ठेवला. फील्ड क्रम खालचे आधी.

व्हीएचएसचे १०० मिनिटांचे चित्रीकरण एकाच डिस्कवर हवे होते. तिथे ७२०×५७६ चा हट्ट सोडून ३५२×५७६ घेतले. हा आकारही डीव्हीडीच्या नियमांत बसतो. मूळ तपशीलच तेवढा नसल्यामुळे टीव्हीवर काही हरवलेले दिसले नाही आणि प्रत्येक पिक्सेलच्या वाट्याला जवळजवळ दुप्पट बिट आले. ही फाइल वरचे फील्ड आधी अशी होती, तशीच खूण ठेवून एन्कोड केली. क्रम बरोबर आहे का हे तपासायला फील्ड सुटी करून एकेक पुढे न्यायची. वस्तू एकाच दिशेने सरकली तर ठीक, पुढे-मागे उडी मारली तर उलटे.

रंग आणि उजेड यांत हात फार घातला नाही. एकच दुरुस्ती सर्वत्र लागली. डीव्ही कॅमेरे पांढऱ्याची पातळी २३५ या ठरलेल्या मर्यादेच्या पुढे नेतात. खिडकीबाहेरचे आभाळ, पांढरा सदरा तिथे गेलेले असतात. सॉफ्टवेअरने मध्येच चित्राचे आरजीबी (लाल-हिरवा-निळा) रूप केले की तो भाग कायमचा कापला जातो. म्हणून मूळच्या वाययूव्ही (प्रकाश आणि रंग वेगळे) रूपातच वरचा भाग खाली ओढून २३५ च्या आत आणला. आभाळात ढग दिसू लागले. पाहणाऱ्यांना हा सर्वांत मोठा ‘फिल्टर’ वाटला.

सभागृहातल्या समारंभाला तेवढा हलका नॉइज फिल्टर दिला, कारण त्या अंधारातल्या मुंग्या ७.५ मेगाबिटलाही चौकोन पाडत होत्या. एका मिनीडीव्हीवरचे चित्रीकरण रुंद मोडमध्ये होते. तिथे १६:९ ची खूण द्यायला विसरल्याने चाचणी डिस्कवर सगळे उंच आणि किडकिडीत झाले होते, ते दुरुस्त केले.

लिहिताना १६-एक्स क्षमतेच्या डीव्हीडी-आर ८-एक्सवर लिहिल्या आणि प्रत्येक पडताळून घेतली. हळू लिहिले की चित्र चांगले येते, ही समजूत ऐकू येते. ती खरी नाही. लिखाण बिघडले तर डिस्क अडकते किंवा चित्र गोठते, पुसट होत नाही. डिस्कवर कागदी लेबल चिकटवली नाहीत, त्याने तोल जातो आणि कागद फुगतो. मधल्या पारदर्शक कड्यावर डिस्कसाठीच्या पेनाने क्रमांक लिहिला.

निकाल

साधारण १९ तासांतून झाकण लावलेल्या लेन्सचे, जमिनीचे आणि दुबार भाग वगळून १४ तास उरले. त्यांच्या १२ डिस्क झाल्या, म्हणजे आधीच्या दुप्पट. क्रीडादिनाचे क्रमांक आता डिस्कवरही वाचता येतात. कॅसेट व डिस्क एकामागून एक लावल्या तर डीव्हीत फरक ओळखणे अवघड जाते. फक्त लाटांच्या दृश्यात, थांबवून पाहिले तर, पाण्याचा पोत जरा सपाट झालेला दिसतो. मूळ फायलींना सुमारे २८५ जीबी लागले.

मोठ्या सपाट टीव्हीवर मात्र एकाने ‘अजूनही फोनसारखे स्पष्ट नाही’ असे म्हटले. ते खरे आहे. ५७६ रेषांचे चित्र चौपट मोठ्या पडद्यावर ताणले जाते आणि ते किती चांगले ताणले जाईल हे टीव्हीवर अवलंबून असते. त्या टीव्हीतली ‘शार्पनेस’ आणि नॉइज कमी करण्याची सेटिंग बंद केल्यावर चेहरे निवळले. डिस्कमध्ये काहीही न बदलता.

वेगळे काय करता आले असते

कॅसेटींची यादी आधी व्हायला हवी होती: प्रत्येकीची पाच-पाच मिनिटे पाहून, प्रकार, मोड, तारीख आणि ‘मूळ की नक्कल’ असा रकाना करून. व्हीएचएस दोन ही नक्कल आहे हे योगायोगाने वेळेत कळले. पहिली लावली तीच नक्कल असती तर दोन दिवसांचे फिल्टर वाया गेले असते. पहिल्या व्हीएचएसचे मूळ कुठे आहे का, ही चौकशीही काम संपल्यावरच झाली. नातेवाइकांकडे एक ८ मिमी कॅसेट असल्याची शक्यता निघाली, पण ती हाती आलेली नाही.

हेड सफाई पहिल्या कॅसेटपूर्वी करायला हवी होती. बिटरेटची पाच मिनिटांची चाचणी शेवटी न घेता सुरुवातीला घेतली असती तर डिस्कच्या संख्येवर घरात झालेला वाद टळला असता. ‘सहाच्या बारा का?’ या प्रश्नाला आकड्यांनी उत्तर मिळाले नाही, धावण्याच्या शर्यतीने मिळाले.

एका निर्णयाबद्दल अजून दुमत आहे. हाय-८ डीव्हीमध्ये न घेता, चांगला वेगळा टाइम बेस करेक्टर लावून न गमावणाऱ्या कोडेकमध्ये घेतले असते तर रंग थोडे बरे मिळाले असते. डीव्हीडीसाठी तो फरक नगण्य आहे, जपणुकीच्या फायलींसाठी तितका नाही. कॅसेट फेकून दिलेल्या नाहीत, त्यामुळे ही वाट उघडी आहे. मात्र ८ मिमी वाजवणारी चालू यंत्रे दर वर्षी कमी होत आहेत.

उसन्या कॅमेऱ्यावरच्या एलपी कॅसेटीतले सुमारे चाळीस सेकंद तिन्ही फेऱ्यांत मिळाले नाहीत. तिथे आवाज बहुतांशी शाबूत आहे. आधीची शेवटची स्वच्छ फ्रेम गोठवून तिच्याखाली आवाज चालू ठेवायचा, की ठिपक्यांसकट चित्र तसेच दाखवायचे, हे कुटुंबावर सोडले. त्यांनी ठिपके निवडले.